सापाच्या पटाचे नियम

त्या बाई तिसऱ्यांदा दुकानात आल्या, तेव्हा माझी खात्रीच झाली की त्या मला पकडायला येतात.

माझा मेहुणा जुन्या इराणी खेळांच्या पटांच्या प्रतिकृती हातानं बनवतो आणि या दुकानात विकतो. त्यातला सापाचा पट सगळ्यांत देखणा: शिसवी फळीवर कोरलेला साप आणि त्याच्या वेटोळ्यांत वीस गोल घरं. तो कसा खेळत, हे आज कोणालाच ठाऊक नाही. नियमांचं पत्रक मी लिहिलं. थोडं पुस्तकं चाळून, थोडं तर्कानं, बरंचसं भीत भीत. म्हणून शेवटी एक ओळ टाकली होती: 'हे नियम म्हणजे आमचा अंदाज आहे.'

बाई माझ्यासमोर पटाला हातही लावत नसत. पत्रक वाचायच्या, घडी घालून पर्समध्ये टाकायच्या आणि जायच्या.

"विद्यापीठातल्या असणार," मी घरी म्हणालो.

"तुमच्या चिटोऱ्यासाठी विद्यापीठ येतंय होय?" बायको म्हणाली. "भाजी निवडा."

आज मात्र त्यांनी विचारलं, "हे मूळ नियमच ना? शाळेच्या पुस्तकात घ्यायचेत."

"खाली लिहिलंय की," मी पुटपुटलो.

"खाली काहीच नाही."

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची मुद्रितं तपासली, पण स्वतःचं छापून आलेलं वाचत नाही, लाज वाटते. आता वाचलं. ती ओळ नव्हती.

मेहुणा पॉलिशचा बोळा फारच मन लावून फिरवत होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"तू काढलीस?"

"भावोजी, अंदाज म्हटलं की गिऱ्हाईक पट खाली ठेवतं," तो हळूच म्हणाला. "बाई शाळांसाठी तीस पट घेतायत. काल माझ्याशी बोलल्यात. जरा गप्प बसा."

गप्प बसणं मला चांगलं जमतं. तरी परत येऊन मी बाईंच्या हातातलं पत्रक घेतलं आणि ती ओळ पेनानं लिहिली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "मला शंका होतीच. कागदावर साप काढून, बटणं घेऊन आम्ही घरी खेळून पाहिलं. पाचवा नियम पाळला तर डाव संपतच नाही." मग मेहुण्याकडे बघून म्हणाल्या, "पटांचं नंतर कळवते."

त्या गेल्यावर मेहुण्यानं पत्रकांचा गठ्ठा माझ्यापुढे आदळला.

"घ्या. आता उरलेल्या तीनशेंवरही लिहा."

मी पेन उघडलं. आधी पाचवा नियम वाचला. बाईंचं बरोबर होतं.