जावयाला पावती कोण मागणार?

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. भडगावात, गिरणेच्या पुलाकडून बाजारपेठेत शिरताना एक अरुंद गाळा लागतो, त्याच्या दारावर मी टांगलेली आहे. माझा निळा रंग विटला आहे आणि एका कोपऱ्याला गंज चढला आहे. मित्रांनो, लगेच हळहळू नका. माझ्यावर नाव आहे, पत्ता आहे आणि गाळा उघडण्याची वेळ आहे, आणि या तिन्ही गोष्टी आजही खऱ्या आहेत. रोज नवे कपडे घालून मिरवणाऱ्या किती जणांना असं म्हणता येईल?

माझा जन्म हिलाल पेंटरच्या हातचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर देवांची नावं काढून त्याचा हात बसलेला होता. ‘कोकिळा बोरसे, कर सल्लागार’ एवढं लिहून झाल्यावर त्याने विचारलं की खाली ‘हमखास रिफंड’ टाकू का, गिऱ्हाईक धावत येतं. कोकिळाताई म्हणाल्या, माणसाचे कागद बघायच्या आधी मी हमखास काय सांगू? हिलालला ते काही पटलं नाही. पण माझ्या अंगावर ते दोन शब्द चढले नाहीत, हे माझं भाग्य.

सुरुवातीला लोक मला बघून हसायचे. बाई आणि इन्कम टॅक्स! मग हळूहळू मास्तर आले, एसटीतले आले, दुकानदार आले. कोकिळाताईंची रीत जरा कटकटीची. आपलं काम किती आणि त्याचे पैसे किती, हे त्या आधीच सांगत. रिफंडात वाटा मागत नसत. विवरणपत्रातली ओळ न् ओळ गिऱ्हाइकाकडून वाचून घेत आणि त्याची प्रत त्याच्या हातात देत. लोक कुरकुरत, पण पुढच्या वर्षी परत येत. पत्ता सांगताना ‘निळ्या पाटीपाशी’ म्हणत, तेव्हा माझी छाती फुगायची. पत्र्याला छाती नसते म्हणता? असू द्या, फुगायची.

मग जितेंद्र आला आणि माझ्याकडे बघणारे कमी झाले.

जितेंद्र राहतो धुळ्याला. इथून जवळच्या एका गावाचा तो जावई. आपल्याकडे एका घराचा जावई म्हणजे अख्ख्या गावाचा जावई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बायकोला न्यायला तो यायचा, आमरस-पुरणपोळी झाली की सासऱ्यांच्या ओट्यावर बसायचा, आणि गावातले सगळे पगारदार आपापले पासवर्ड त्याच्या पुढ्यात ठेवायचे. मोबाइलवर आलेला ओटीपीसुद्धा हसत हसत सांगायचे. तो रिफंड काढून द्यायचा आणि त्यातला वाटा घ्यायचा. त्याला ना गाळा, ना पाटी. पण जावयाला कोण विचारणार, बाबा रे, तू नेमकं लिहिलंस काय?

त्याच गावची मयुरी इथे सरकारी दवाखान्यात नर्स आहे. गेल्या थंडीत ती गाळ्यात आली. विवरणपत्रांचा हंगाम कधीच उलटून गेला होता, पण आमचं दार बारा महिने उघडं असतं. तिच्या हातात आयकर खात्याची नोटीस होती आणि सोबत वडील होते, उखर्डू नाना. मयुरीला रडू आवरत नव्हतं. नोकरीवर डाग लागेल, या भीतीने तिला चार दिवस जेवण गेलं नव्हतं. नाना मात्र आल्यापासून एकच सांगत होते, की जितेंद्रचं नाव मधे आणायचं नाही.

“बठ्ठा गावना जवाई शे तो,” ते म्हणाले. “जवाईले पावती मांगानी का?”

कोकिळाताईंनी वाद घातला नाही. मयुरीकडून तिचं खातं उघडून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. खात्यावरचा मोबाइल मयुरीचा नव्हता, ईमेलही नव्हता. दोन्ही जितेंद्रचे. म्हणून तर आधीचा एकही इशारा तिच्यापर्यंत पोचला नाही. शेवटी दवाखान्याच्या पत्त्यावर नोटीस आली, तेव्हा तिला कळलं. वडिलांच्या घरात राहणारी ही पोर घरभाडं भरते, असं दाखवलं होतं. पुढच्या ओळीला कोकिळाताई थांबल्या आणि नानांकडे बघून म्हणाल्या, “नाना, हिने तुमच्या अपंगत्वाची सवलत घेतली आहे. तुम्ही गंभीर अपंग आहात, असं यात लिहिलंय.”

नाना त्या सकाळीच पाठीवर पंप घेऊन हरभऱ्यावर फवारणी करून आले होते. त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं. मला त्यांची फार कीव आली, आणि रागही आला. पंगतीत ज्याच्या ताटात आग्रहाने तूप वाढलं, त्याने माणसाचे पाय काढून घेतले होते.

“जितेंद्रचं नाव यात कुठे आहे?” मयुरीने विचारलं.

“कुठेच नाही,” कोकिळाताई म्हणाल्या. “भरलं कोणीही असो, कायद्यापुढे हे तुझंच. दुरुस्त करता येईल. कर व्याजासकट भरावा लागेल. दंड लागणारच नाही, असं मी सांगणार नाही.”

मयुरीने तिथूनच जितेंद्रला फोन लावला. तो कामानिमित्त पाचोऱ्यात होता, तासाभरात आला. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. जावई दारात आला की घरातलं वडीलधारं माणूस उठून उभं राहतं, ही आपली रीत. नाना आयुष्यभर तसे उठत आले होते. आज ते बाकावर बसून राहिले.

जितेंद्र क्षणभर घुटमळला, मग हसून म्हणाला, काळजी कसली करता, मयुरी दवाखान्यातच आहे, नानांच्या नावाचं एक सर्टिफिकेट तिने काढून आणावं, विषय संपला. एवढं बोलूनही नाना हलत नाहीत, हे बघून त्याने विचारलं, “नाना, तब्येत बरी नाही का? उठला नाहीत.”

“तुम्हीच लिखं ना, मन्हा पाय चालतस नही म्हनीसन,” नाना शांतपणे म्हणाले. “मंग जवाईसाठे उठू कसा?”

मयुरीने डोळे पुसले. “जिजाजी, मी सर्टिफिकेट आणणार नाही. चूक माझ्या नावावर आहे, मीच दुरुस्त करीन. आणि तुम्ही कसं भरलंत, ते खात्याला लिहूनही देईन.”

जितेंद्र आला तसा गेला. जाताना माझ्याखालून वाकून गेला, नाहीतर त्याच्या कपाळाला माझी गंजकी कड लागली असती. खरं सांगू? लागली असती तर मला वाईट वाटलं नसतं.

मयुरीने पासवर्ड बदलला, स्वतःचा मोबाइल नोंदवला, आणि नवं विवरणपत्र ओळ न् ओळ मोठ्याने वाचलं. कर भरताना तिला जड गेलं. भावकीत अजून काही जण तिच्याशी बोलत नाहीत. पण नोकरीवर ती ताठ मानेने जाते.

मित्रांनो, मला रंग लावा, माझा गंज काढा, अशी विनवणी मी करणार नाही. मी अशीच लटकेन. तुम्ही फक्त एवढं करा. तुमचा कर भरून देणारा माणूस भाऊ असो, मित्र असो की जावई, त्याला विचारा की तुझी पाटी कुठे आहे, पावती कुठे आहे, आणि माझ्या नावाने काय लिहिलंस ते मला वाचून दाखव. तो रुसला तर रुसू द्या. जो स्वतःचं नाव कुठेच लिहीत नाही, त्याच्या हातात आपलं नाव देऊ नका.