न आलेल्यांची मूठ

पौषातला रविवार. हजर : माझे थोरले दीर आबा, जाऊबाई, मी आणि सलमा.

सलमाचे हात मला आधी आठवतात. केंदूरच्या आमच्या रानात कोवळ्या उन्हात ज्वारी उभी होती आणि ती मुलगी एकेका ताटाला असा हात लावत चालली होती, जणू अंधारात स्वतःच्या घराच्या भिंती चाचपते आहे. सुदानहून औषधनिर्माण शिकायला ती यवतला आली. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था माझ्याकडे. सुटीत सगळ्या खोल्यांना कुलपं लागली, तिची तेवढी उघडी राहिली. तिच्या गावात लढाई शिरल्यापासून तिच्या आईचा फोन बंद आहे. रिकाम्या इमारतीत तिला एकटीला ठेवणं माझ्या शिस्तीत बसेना, म्हणून हुरड्याला घेऊन आले.

तिचं हसू त्या दिवसांतल्या उन्हासारखं होतं. पडायचं, पण ऊब लागायच्या आत सरकायचं. बोलताना एक हात ओढणीखालच्या फोनवर असायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"ही आमच्याकडे पण," कणसाकडे बोट करत ती तिच्या नव्या मराठीत म्हणाली. "आई भाकरी करते. पातळ. कागदासारखी."

"मंग तू कशाची पाव्हणी? घरचीच की!" जाऊबाई म्हणाल्या. "बस हितं. हुरड्याला लाजला त्यो उपाशी ऱ्हायला."

गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली. आबांनी ती तळहातावर चोळली, फुंकर घालून कोंडा उडवला आणि वाफाळते हिरवे दाणे उरले. पहिली मूठ त्यांनी बांधावरच्या शेंदरी दगडापुढे ठेवली. रानाच्या राखणदाराला दिल्याशिवाय आमच्यात कुणी तोंडात दाणा टाकत नाही. मग प्रत्येकाच्या पुढ्यात वाटा आला. सलमाने आपल्या वाट्यातली मूठ उचलली, बांधापर्यंत गेली आणि आबांच्या मुठीशेजारी ती हलकेच ठेवली.

"अगं बया, त्ये म्हसोबाचं हाय!" जाऊबाईंना हसू आवरेना. "तुमच्यात चालतं व्हय?"

सलमा गोंधळली. "मला वाटलं, जे आले नाहीत, त्यांचं आहे. मी आईचं ठेवलं."

आबांचे चोळणारे हात थांबले.

"असू दे," ते म्हणाले. "त्यो राखंल तिचं बी."

मग जाऊबाई उठल्या आणि दुबईला असलेल्या लेकाची मूठ ठेवून आल्या. मी जागची हलले नाही. उठले असते तर माझ्या न आलेल्यांचं एका मुठीवर भागलं नसतं.

जरा वेळाने बांधावर चिमण्या उतरल्या. सलमा त्यांना हाकलायला गेली नाही; आपलं कुणी जेवायला बसावं आणि आपण वाढून बाजूला उभं राहावं, तशी बघत राहिली. फोन दिवसभर वाजला नाही.

परवा जाऊबाईंनी वाळवलेला हुरडा धाडला, सलमाच्या आईसाठी म्हणून. मी डबा गच्च भरला, चिकटपट्टी लावली, पाठवणारीचं नाव घातलं. काळ माणसांना घरातून उठवून लावतो. आठवण मात्र जुन्याच उंबऱ्यावर ताट वाढून बसते. डबा माझ्या टेबलावर आहे. पत्ता घालायचा राहिला आहे.