चार इसा संत्री

सत्यभामा लग्न होऊन सासरी आली ती चौथी पास होऊन, आणि तिथंच घोटाळा झाला. तिची सासू पार्बताबाई अमरावतीच्या इतवारा बाजारात संत्री विकायची. मोजताना पहिल्याला ती ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. वीस झाली की एक इसा, ऐंशी म्हणजे चार इसा. एकदा गिऱ्हाइकासमोरच सून बोलली, “आत्याबाई, त्याले ऐंशी म्हनतात. इसा-बिसा आता कोनी म्हनत नाई.” गिऱ्हाईक हसलं.

त्या दिवसापासून पार्बताबाईनं मोजणंच सोडलं. बाजार गाजवणारी बाई, पण घरीसुद्धा ‘हूं’च्या पुढे जाईना. आता सत्यभामा मोजायची, अगदी बिनचूक. पण त्यात तिला काही गोडी वाटेना. आपल्या जिभेला हाड नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली होती.

अशात मिशनच्या अनाथाश्रमातले फादर रेमों ऐंशी संत्री न्यायला आले. माणूस फ्रान्सचा, पण बोलायला लागला की अकोटचा शेतकरी वाटावा. मोजायचा मात्र ओठातल्या ओठात, आपल्याच भाषेत.

“फादर, ऐंशीले तुमी काय म्हनता?” सत्यभामेनं सहज विचारलं.

“कात्र-व्हँ. चार येळा वीस.”

“आन् नव्वदले?”

“चार वीस अन् दहा.” फादर हसले. “आमची भाषा, इटलीची, स्पेनची, साऱ्या एका लॅटिनच्या लेकी. इटलीवाले ओत्तांता म्हनतात, स्पेनवाले ओचेंता. दोन्ही आठावरून निघाले. आमीच तेवढे विसानं मोजत राहिलो. ते हसतात आमाले.”

“मंग सोडलं काहून नाई?” हे पार्बताबाईनं विचारलं. किती दिवसांनी तिचा आवाज बाजारात निघाला होता.

“माह्या मायनं तसंच शिकवलं, बाई.”

सत्यभामेनं संत्र्यांची पाटी उचलून सासूपुढे ठेवली. “आत्याबाई, तुमीच मोजा. माह्यं चुकलं.”

“काहून? तुहे आकडे सरले काय?” म्हणत पार्बताबाईनं पदर खोचला. “लाभ… दोन… तीन…” आवाज पार फुलवाल्यांच्या रांगेपर्यंत गेला. ती ‘सात’ म्हणाली तेव्हा फादर ‘सेत’ म्हणाले, आणि दोघंही हसली. सत्यभामा झोळी धरून उभी होती.

शेवटचं संत्रं झोळीत पडलं. पार्बताबाई थांबली आणि तिनं सुनेकडे पाहिलं.

“चार इसा,” सत्यभामा म्हणाली.

पार्बताबाईनं पाटीतलं सगळ्यात मोठं संत्रं सोलून तिच्या हातात ठेवलं. “खाय. हे मोजाचं नाई.”