हाकेला ओ

सुमेधचा आवाज मोठा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भिवंडीच्या एका गोदामात तो सुपरवायझर होता, आणि दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांना हाका मारणं हीच त्याची नोकरी. घराजवळच्या आचोळ्याच्या नाक्यावरून कंपनीची बस सकाळी सहाला निघायची, ती त्याला रात्री साडेनऊला आणून सोडायची. सात वर्षांची ज्ञानदा दोन्ही वेळेला झोपलेली. सहा दिवस बाप लेकीला नुसता पांघरुणातून बाहेर आलेल्या पायांवरून ओळखायचा. उरला रविवार. रविवारी सकाळी आठ ते नऊ वसईला ज्ञानूचा फुटबॉल असायचा आणि तिला स्कूटरवरून घेऊन जायचं काम सुमेधचं. त्या एका तासासाठी तो आठवडा ढकलायचा म्हटलं तरी चालेल.

मैदान चर्चच्या मागे, केळीच्या वाडीला लागून. शिकवायला ऑस्कर सर. शाळेतून रिटायर झालेला माणूस, चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिस्सा, आटोपून तसाच इस्त्रीच्या शर्टात यायचा आणि गळ्यात शिट्टी अडकवायचा. सरांचा एक कायदा होता. नऊ वर्षांखालच्या पोरांचे गोल मोजायचे नाहीत. पोरं खरंच मोजायची नाहीत. मोजायचे ते आईबाप, चुन्याच्या रेषेबाहेर उभे राहून, एकमेकांच्या नकळत, बोटांवर. हसू नका, तुमचं पोर आत असतं तर तुम्हीही तेच केलं असतं.

सुमेधला मोजण्यासारखं काही नव्हतंच. तीन महिने झाले, ज्ञानूने एकदाही चेंडू धड मारला नव्हता. पळायची मात्र झकास. चेंडू कुठेही जावो, सगळ्यांच्या आधी तिथे हीच पोचायची. इकडून सुमेध जीव तोडून ओरडायचा, "ज्ञानू! मार!" आणि नेमकी तिथेच पोरगी थांबायची. मान वळवून बापाकडे बघायची, काहीतरी पुटपुटायची, तोवर पुढचे दोन दात पडलेला जेम्स चेंडू घेऊन पसार झालेला असायचा. मग सुमेध आणखी जोरात ओरडायचा आणि ती आणखी ठाम उभी राहायची.

शेजारी जयवंतीबाई असायच्या. आगाशीहून नातवाला बसने घेऊन यायच्या आणि येताना सगळ्या पोरांसाठी सुकेळी आणायच्या, घरची, उन्हात वाळवून मधासारखी झालेली केळी. त्या एकदा सुमेधला म्हणाल्या, "जरा पानी पी रे बाबा, घसा बसंल." सुमेध पाणी प्यायला आणि ताज्या दमाने त्याने पुन्हा सुरुवात केली. असल्या माणसाला काय सांगायचं?

त्याने उपाय केले नाहीत असं नाही. रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलून ज्ञानूच्या हातावर ठेवायला बायकोला सांगून झालं. महागातले बूट झाले. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडून त्यांच्यामधून चेंडू न्यायचा सराव झाला, आणि तिथे तर ज्ञानू अशी सळसळत जायची की वॉचमन खुर्ची सोडून बघायला यायचा. तिथे सुमेध हातात मोबाईल धरून सेकंद मोजत गप्प उभा असायचा, पण ही गोष्ट काही त्याच्या डोक्यात आली नाही. पोरीचं लक्ष उडतं, मैदानावर ती घाबरते, असं त्याने ठरवून टाकलं आणि बायकोलाही पटवून दिलं.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी वसईच्या बाजारात ज्ञानू सुमेधचा हात सोडून गेली होती. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत सुमेधने हाका मारून बाजार डोक्यावर घेतला, मासळीवाल्या टोपल्या सोडून शोधायला उठल्या, आणि ही बया अवघ्या चार दुकानांपलीकडे भिरभिरं विकणाऱ्यासमोर उभी. हाका ऐकू आल्या नाहीत का, तर आल्या होत्या की. मग ओ का दिली नाहीस, तर भिरभिरं फिरत होतं. सुमेध तिला उराशी धरून भर बाजारात रडला आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

त्या दिवसापासून त्याने तिला घोटून घोटून शिकवलं. बाबाची हाक आली की असशील तिथे थांबायचं, बाबाकडे बघायचं आणि ओ द्यायची. हातात काही का असेना. जिन्यात, पार्किंगमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये तो मुद्दाम हाक मारून बघायचा. ती थांबायची, वळायची, "ओ, बाबा" म्हणायची. नातेवाईक म्हणायचे, वळण चांगलं लावलंय हो. सुमेधची छाती फुगायची.

तर एका शनिवारी काय झालं, कंपनीला सुट्टी होती म्हणून सुमेध संध्याकाळी घरी होता. गॅलरीत बसून ज्ञानूचे बूट ब्रशने घासत होता. आत स्वयंपाकघरात ज्ञानू आईला, अश्लेषाला, मटार सोलायला मदत करत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "उद्या फुटबॉलला तू चल. बाबा नको."

सुमेधच्या हातातला ब्रश थांबला. गोदामात साहेब चारचौघांत बोलला तरी त्याला इतकं लागलं नव्हतं. अश्लेषाने आधी विषय उडवून लावला, मग हळूच विचारलं, का गं, बाबा ओरडतो म्हणून का? ज्ञानू म्हणाली, ओरडतो त्याचं काही नाही, सगळ्यांचेच ओरडतात.

"बाबा हाक मारतो ना," ती म्हणाली, "मग मला थांबून ओ द्यायला लागते. तोपर्यंत जेम्स बॉल नेतो."

मटाराच्या शेंगा फोडल्याचा आवाज तेवढा येत राहिला. तीन महिन्यांतला एकेक रविवार सुमेधच्या डोळ्यांसमोरून गेला. ती थांबणं, ते वळणं, आणि ते पुटपुटणं. इतक्या लांबून त्याला ऐकू आलं नव्हतं इतकंच. पोरगी दर वेळी इमानाने ओ देत होती, आणि हा गृहस्थ तिला बदाम चारत होता. त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. घासलेला बूट त्याने पुन्हा एकदा घासायला घेतला.

रात्री जेवताना त्याने लेकीसमोर अक्षरशः मनधरणी केली. मी हाक मारणार नाही, म्हणाला. ज्ञानूने विचार केला. फुटबॉलला नाही ओ दिली तरी चालेल, असंही त्याने सुचवून पाहिलं, पण ते तिला मुळीच पटलं नाही. हाक मारली तर ओ द्यायलाच हवी, त्याला फुटबॉल कसा अपवाद? शेवटी तह झाला. बाबाने यायचं, पण लांब उभं राहायचं, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. अश्लेषा ताटात बघून हसत होती.

रविवारी सुमेधने ज्ञानूला रेषेपाशी सोडलं आणि स्वतः मैदानाच्या पार कडेला, गोलाच्या मागे चिंचेच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. ऑस्कर सरांनी तिथे जाण्याचं कारण विचारलं. त्याने सगळं सांगितलं. सर म्हणाले, एवढी वर्षं पोरांना शिट्टीला थांबायला शिकवतोय, निम्मी अजून थांबत नाहीत, तुमची मुलगी मला उसनी द्या. आणि हसत शिट्टी वाजवायला गेले.

गप्प राहणं ही काय सोपी गोष्ट आहे? पहिल्या पाच मिनिटांतच सुमेधच्या गळ्यापर्यंत तीनदा "ज्ञानू" आलं. जयवंतीबाईंनी दिलेलं सुकेळं त्याने अख्खंच्या अख्खं तोंडात कोंबलं, ते दातांना असं चिकटलं की बोलायची सोयच उरली नाही. हात मागे बांधून तो नुसता बघत राहिला. आणि बघताना त्याच्या लक्षात आलं की इतके रविवार तो ओरडतच होता, त्याने लेकीला खेळताना असं पाहिलंच नव्हतं. ती पळताना जीभ किंचित बाहेर काढायची. पडली की आधी गुडघा बघायची आणि मग आजूबाजूला, कुणी पाहिलं का म्हणून. जेम्स पडला तर त्याला उठवायला थांबायची. हे सगळं आपल्याला माहीत नव्हतं याचं त्याला फार वाईट वाटलं.

आणि मग चेंडू तिच्याकडे आला. नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी ती पोचली. कुणी हाक मारली नाही. ज्ञानू थांबली नाही. चेंडू पायात घेऊन चार पावलं धावली, समोरून जेम्स आला, त्याला तिने पार्किंगमधल्या बाटलीसारखा बाजूला टाकला आणि दणकन लाथ मारली.

गोल झाला नाही. चेंडू खांबापासून चांगला दोन हात बाहेरून सुटला आणि चिंचेखालून केळीच्या वाडीकडे घरंगळत निघाला. सुमेध धावला, कुंपणापाशी त्याने तो पकडला आणि परत फेकायला वळला.

मैदानात ज्ञानू पालकांच्या रांगेकडे बघत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बापाला आपणच लांब पाठवलंय हे त्या आनंदात ती पार विसरली होती. रांगेत तो दिसेना तसा तिचा चेहरा उतरला. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले, अगदी सुमेध नेतो तसे.

"बाबा!"

काय आवाज! बापाचाच. सुमेध होता तिथे थांबला. चकार शब्द काढायचा नाही असा तह होता, आणि त्याने शब्द दिला होता. पण हाक आली होती. त्याने तोंडातलं सुकेळं कसंबसं गिळलं.

"ओ!" तो म्हणाला. आवाज जरा फुटलाच.

ज्ञानू वळली. तिला तो दिसला. "बघितलंस?"

"बघितलं."

तो तसाच उभा राहिला, चेंडू पोटाशी धरून, तिच्याकडे बघत. खेळ थांबला होता. जेम्स कमरेवर हात ठेवून उभा होता. ऑस्कर सरांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि वाजवली नाही.

"मग बॉल दे ना," ज्ञानू म्हणाली. "आणि इकडे येऊन उभा राहा. तिकडे दिसत नाहीस तू."