हौदाचा वास

चौऱ्याहत्तर सालच्या त्या सकाळी राहनाळजवळच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम सोडून सगळं चालू होतं. सांडपाण्याच्या हौदाभोवती दोन शिफ्टची माणसं दाटली होती आणि मधोमध दाजी भगत घुमत होता. शेठनं हवा खेळवणाऱ्या पंख्याचा भाव विचारला होता, भगताचाही विचारला होता. भगत स्वस्त पडला.

परवा इथंच कामाला असलेल्या मैनाचा भाऊ चिंधू या हौदातला गाळ काढायला उतरला. कुजक्या अंड्यांच्या वासाला शिव्या घालत होता. मग खालून म्हणाला, "गेला रं वास," आणि तिथंच आडवा झाला. भगताच्या मते वास म्हणजे हौदातला खवीस. तो चिंधूत शिरला, म्हणून वास थांबला. आज मैनाचा नवरा रघू उतरणार होता. नाही म्हणावं तर ड्युटी जाते. उतरावं तर... पुढचं मनात येऊ न देता मैना नवस बोलत होती.

भगतानं धूप पेटवला, लिंबू कापलं, खविसाचा बाप आपल्या बापाकडं पाणी भरायचा, अशी ओळखही काढली. मग बराच वेळ पुटपुटून त्यानं विचारलं, "आता वास हाय का?"

नव्हता. मैनानं पुन्हा पुन्हा हुंगलं. खरंच नव्हता. ती रडत भगताच्या पाया पडली. रघूनं शिडीवर पाय ठेवला.

तेवढ्यात केसरीनाथ डॉक्टर नाकाला रुमाल लावून फाटकातून आले. चिंधूचं प्रेत त्यांनीच तपासलं होतं. "केवढा वास हा! रघू, शिडी सोड."

माणसं हसली. भगत म्हणाला, "शिकल्याली मान्सं, नाक जरा लांबच असतं."

डॉक्टरांनी आधी धुपावर पाणी ओतलं. ज्याचा हा वास, तो वायू पेटतो. मग रघूला थांबायला सांगून ते मैनाला घेऊन वाऱ्याच्या बाजूनं पार रस्त्यापर्यंत गेले. पडघ्याकडं जाणारे ट्रक बघत ती मोकळ्या हवेत बराच वेळ उभी राहिली. परतताना फाटकातच तिनं नाकाला पदर लावला. तोच वास. ती धावली आणि तिनं रघूचा सदरा धरला.

"खाली जाव नको. वास गेला न्हाय, आपलं नाक गेलंय."

डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. काळ्या रंगाच्या पाण्यात गंधक असतं. त्यात अॅसिड पडलं की विषारी वायू सुटतो. थोडा असला तर नाक हळूहळू थकतं, फार असला तर चटकन बधिर होतं. मागून माणूस पडतो. मंत्रानं फक्त तेवढा वेळ काढला.

"तरी शंका असेल तर दाजी, आधी तुम्ही उतरा."

दाजीला एकाएकी अंबाडी गावातलं एक झपाटलेलं घर आठवलं. तो निघाला, लिंबू हौदाशीच राहिलं.

मैनानं हळूच विचारलं, "म्हंजे चिंधू 'वास गेला' म्हनला, तवा..."

"तेव्हा तो मरत होता, बाई."

आपण तेव्हा वर देवाचे आभार मानत होतो, हे तिला आठवलं. ती खाली बसली.

डॉक्टर मागं उभ्या शेठकडं वळले. अॅसिड आणि रंगाचं पाणी वेगळं सोडा. पंखा लावा, हवा तपासून घ्या. उतरणाऱ्याला बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा द्या, कमरेला दोर बांधा, दोर धरायला वर माणूस ठेवा. कुणी पडलं तर मागोमाग उडी घालू नका. आणि नाकावर भरवसा ठेवू नका, मग भगतावर तर नकोच.

शेठ म्हणाला, बघू.

रघूनं शिडी वर ओढली, आडवी टाकली आणि तिच्यावर बसला. एकेक करून दोन्ही शिफ्टची माणसं त्याच्या शेजारी येऊन बसली.

"बघा शेठ," रघू म्हणाला. "आमी बसलोय."