मावशीने निवडलेली गल्ली

मावशीची नजर गेली आणि तिला शहराबाहेरच्या वसाहतीत हलवायचं, हे घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तिच्या मुलाने, म्हणजे दादाने, तिथे बैठं घर हेरलं होतं. पुढे हिरवळ, मागे झाडं, रहदारीचं नाव नाही. मावशीची हयात पोहायला शिकवण्यात गेलेली, आणि हट्टीपणात तिचा हात धरणारं आमच्यात कुणी नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आधी मला तिथे एकटीला फिरू दे."

दादा आणि मी तिला घेऊन गेलो. काठी टेकत ती फाटकाबाहेर पडली, आम्ही अंतर राखून मागे. रस्ता रुंद, पदपथ नाही, आसपास चिटपाखरू नाही. थोडं चालून ती थांबली. वळायचं कुठे, हे सांगणारा एकही आवाज नव्हता. तेवढ्यात बॅटरीवरची एक गाडी चोरपावलांनी अगदी तिला खेटून गेली. मावशी जागीच थिजली. दादाने धावत जाऊन तिचा हात धरला.

"इथे मला जन्मभर असा कुणाचा तरी हात लागेल," ती म्हणाली.

"मी आहे ना, आई."

"तू आहेसच रे. पण साध्या दुधासाठी तुझी वाट बघत बसू का?"

पुढच्या आठवड्यात शहरातल्या बाजारगल्लीतली दोन खोल्यांची जागा बघितली. दादाने नाक मुरडलं. "या गोंगाटाने डोकं उठेल तुझं."

मावशी जिना उतरून चालायला लागलीसुद्धा. किल्ल्या बनवणाऱ्याचं यंत्र करकरत होतं, पुढे बेकरीचा खरपूस वास, मग लाँड्रीची ऊन वाफ. एका खोक्यांच्या ढिगाला ती धडकली, खोकी ठेवणाऱ्याचा उद्धार केला आणि त्यालाच पोहण्याच्या तलावाची वाट विचारली. सिग्नलपाशी आमची चुकामूक झाली. दादाच्या तोंडचं पाणी पळालं.

सापडली ती तलावाच्या कार्यालयात, तिथल्या बाईंशी गप्पा मारत. पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवायला त्यांच्याकडे कुणी टिकत नव्हतं.

"भ्यायलेल्या माणसाचा श्वास मला ऐकू येतो," मावशी त्यांना सांगत होती. "नजर ठेवायला काठावर तुमचा माणूस उभा करा. बाकी माझ्यावर सोडा."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. "सोमवारपासून या म्हटलंय मी यांना."

दादाने खिशातून फोन काढला आणि घरमालकाला सांगितलं, "जागा आम्ही घेतोय."

"आम्ही नाही," मावशी म्हणाली, "मी घेतेय."

आणि आमच्यासाठी न थांबता ती ताठ मानेने गर्दीत शिरली. तिला गाठताना आमची दमछाक झाली.