पहिल्या खांद्याचा मान

प्रियदर्शिनी सकपाळच्या पीएचडीला तिच्याच गावच्या मुंबई मंडळानं पैसे दिले, आणि त्या पीएचडीतल्या एका प्रकरणावरून पुढच्या शिमग्याला गावात माणूस मारला गेला.

गाव कोंडदरे. पोलादपूरहून आत, डोंगराच्या पायथ्याला. खाली सकपाळांची भातशेती आणि वाघजाईचं देऊळ, वर माथ्यावर ढेबे धनगरांचा वाडा. प्रियदर्शिनीचे वडील ती शाळेत असतानाच गेले. आई राहीबाईनं शेत आणि म्हशी सांभाळून तिला एमए केलं. मग ती महाडला कॉलेजात तासांवर शिकवू लागली आणि पीएचडीला नाव नोंदवलं. विषय होता शिमग्यातल्या पालख्यांचे मान आणि त्यावरून झालेले तंटे. कोणत्या गावात पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, आणि तो मान कोणी कोणाकडून हिसकावला, हे ती वरंधपासून पोलादपूरपर्यंत फिरून गोळा करत होती. विद्यापीठाची शिष्यवृत्ती होती तोवर फिरणं जमलं. ती संपली तेव्हा प्रबंध अर्धाच झाला होता आणि मुदत एकाच वर्षाची उरली होती. तासांच्या पगारात खोलीचं भाडंही जेमतेम निघायचं.

तिनं मुंबईतल्या एका ट्रस्टचं दार ठोठावलं. तिथल्या गृहस्थांनी विषय दोनदा विचारून घेतला.

"पालख्यांवर? यातून निघणार काय?"

"माणसं एकमेकांची डोकी का फोडतात ते निघेल," ती म्हणाली.

ते हसले आणि आपण इंजिनिअरिंगच्या मुलांनाच मदत करतो म्हणाले.

शेवटी धाकटे काका हैबती सकपाळ पुढे आले. हैबती गोदीत मुकादम होते आणि गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. गावातल्या पोरांना कामाला लावायचे, कोणाचं आजारपण असलं की स्वतः इस्पितळात बसायचे. पण हातही तितकाच लवकर उचलायचे. एकदा देवळाच्या गुरवाला त्यांनी भर सभेत लाथ घातली होती, आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"बाय, तू टेन्शन घेऊ नको," ते म्हणाले. "वर्षभराचा खर्च मंडळाचा. आपल्या घराण्यात पहिली डॉक्टर होशील. फक्त आपल्या वाघजाईचं नीट लिही. पहिला खांदा सकपाळांचा, पिढ्यान् पिढ्या. पुस्तक झालं की एक प्रत देवळात ठेवू."

"जे सापडेल ते लिहीन, तात्या."

"मग तेच सापडेल की!"

दोघंही हसली. तिनं कॉलेजचे तास सोडले आणि लिहायला बसली.

कोंडदऱ्याचं प्रकरण तिनं शेवटी ठेवलं होतं. त्यासाठी ती वर धनगरवाड्यावर गेली. तिथला सर्वांत म्हातारा माणूस भैरू ढेबे. डोळ्यांनी अधू, पण बोलणं खणखणीत. त्याचा नातू सुधीर बिरवाडीला एका कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीला घरी आला होता. त्यानंच तिला चढावर हात देऊन वर आणलं, तिचा टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून.

भैरूनं सांगितलं ते असं. तो लहान असताना पालखी आधी वाड्यावर यायची. देवी डोंगरावर धनगराला सापडली होती, म्हणून पहिला खांदा ढेब्यांचा. एका शिमग्याला सकपाळांनी पालखी खालीच अडवली. भैरूचा बाप दांडा धरून उभा राहिला. त्याला सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवतात त्या चौथऱ्यावर, लोळवून कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्यानं मारला. बरगड्या आत गेल्या. तो तिथंच मेला.

"ढोराला पन कोन असा मारत नाय," भैरू म्हणाला. "माज्या आयशीनं त्याचा रगत पदरानं पुसलान. तवापासून पालखी वर नाय आली."

"कोणी मारलं, बाबा?"

"तुज्या आज्यानं."

प्रियदर्शिनीनं टेप बंद केली नाही. खाली येऊन तिनं दोन वेगळ्या घरांतल्या दोघी म्हाताऱ्या बायांना विचारलं, जुन्या गुरवाच्या भावाला विचारलं. सगळ्यांनी आधी नाही म्हटलं आणि मग तेच सांगितलं. तिनं प्रकरण लिहिलं. ते बरोबर उतरलंय की नाही हे पाहायला ती पुन्हा वर गेली आणि तिनं ते भैरूला वाचून दाखवलं. वाड्यावरची सगळी माणसं ऐकायला बसली. भैरू रडला. सुधीर मात्र तिच्याकडे टक लावून पाहत होता.

"ताई, हे आता विद्यापीठात जाणार? म्हणजे पक्कं झालं?"

"हो."

"म्हणजे मान आमचा."

"मी फक्त काय झालं ते लिहिलंय, सुधीर."

"तेच तर," तो म्हणाला.

होळीच्या आदल्या दिवशी ती शिमग्यासाठी गावी आलेल्या हैबतींकडे गेली. त्यांना दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, असं तिला वाटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातला चहाचा कप त्यांनी भिंतीवर फेकला तेव्हा चहा अजून गरम होता. तो तिच्या मानेवर उडाला.

"आमचं खाऊन आमच्याच बापाला खुनी म्हणतेस?"

"बोलणारे चार जण आहेत, तात्या. मी मनचं लिहिलेलं नाही."

"ते प्रकरण फाड. नाय तर एक पैसा मिळणार नाय."

"मग नको," ती म्हणाली.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पालखी देवळातून निघाली. खालूबाजा वाजत होता, मुंबईहून आलेली पोरं गुलाल उधळत, ढोसून नाचत होती. त्यांत हैबतींचा मुलगा रितेश सगळ्यांत पुढे. पालखी सहाणेवर टेकली तेव्हा डोंगराच्या वाटेनं धनगर उतरले. हातात काठ्या नव्हत्या. डोक्याला स्वच्छ फेटे होते, आणि पुढे सुधीर नारळ घेऊन.

"आमचा नारळ घ्या," तो म्हणाला. "आणि पहिला खांदा आम्हाला द्या. यंदा एवढाच. मग पालखी तुमचीच हाय."

बाजा थांबला.

"कोणी सांगितलं रे तुला तुझा खांदा?" रितेशनं विचारलं.

"लिवलेलं हाय. तुज्याच बहिणीनं लिवलंय."

रितेशनं त्याच्या हातातला नारळ हिसकावला आणि त्याच्या तोंडावर मारला. सुधीरचे पुढचे दात तुटले. तरी त्यानं वाकून पालखीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खांद्याला लावला. मग गर्दी कोसळली. कोणी मांडवाचे बांबू उपसले, धनगरांनी शेताच्या बांधावरचे दगड उचलले. एका पोराचा कान फाटून लोंबायला लागला. बायका लेकरांना ओढत पळत होत्या. एवढ्या मारातही सुधीर दांडा सोडत नव्हता. त्याच्या बोटांवर बांबू पडत होते, बोटं मोडत होती, आणि तो तसाच वाकून उभा होता.

प्रियदर्शिनी देवळाच्या पायरीवरून धावली. रितेशनं होळीच्या होमातलं अर्धवट जळालेलं लाकूड उचललेलं तिनं पाहिलं. ती त्याच्या हाताला लोंबकळली.

"रितेश, मरेल तो! सोड!"

मागून हैबतींची काठी तिच्या उजव्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला.

"तूच लावलीस ही आग," हैबती ओरडले आणि त्यांनी दुसरी काठी तिच्या पाठीत घातली.

ती खाली पडली. पडल्या पडल्याच तिला दिसलं, रितेशनं ते लाकूड दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं आणि सुधीरच्या कानशिलावर उतरवलं. एकदा, आणि तो खाली गेल्यावर पुन्हा. तेव्हा कुठे त्याच्या हातांतून दांडा सुटला. पालखी एका बाजूला कलंडली आणि देवीचा मुखवटा रक्तातून घरंगळत गेला.

पोलादपूरला डॉक्टरनं सुधीरला हातही लावला नाही, महाडला न्या म्हणाला. जीपमध्ये मागे प्रियदर्शिनी होती, मोडका हात छातीशी धरून, मांडीवर सुधीरचं डोकं. त्याची आई चंद्राबाई त्याचे पाय चोळत होती. "गार पडतायत गो, गार पडतायत," एवढंच ती म्हणत होती. महाडच्या अलीकडेच तिचे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी महाडच्या इस्पितळात प्रियदर्शिनीच्या हाताला प्लास्टर चढलं. हैबती संत्री घेऊन तिच्या खाटेपाशी आले. डोळे सुजलेले होते. रात्रभर रडले असावेत.

"माझ्या हातून झालं ते वाईट झालं, बाय. पण रितेश पोरगा आहे. फासावर जाईल तो." त्यांनी आवाज खाली आणला. "सुधीर गर्दीत घसरला, सहाणेच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं. एवढंच बोल. तुझं काम मंडळ पुरं करेल. छापूनही देऊ. हवी तेवढी वर्षं घे."

तिनं लगेच नकार दिला नाही. ही गोष्ट तिनं पुढे कधी लपवली नाही. तारुण्यातली सगळी वर्षं त्या कामात गेली होती, हात मोडला होता, मुदत संपत आली होती. सुधीर तर गेलाच होता. ती गप्प राहिली, आणि हैबतींनी त्या गप्प राहण्याला होकार समजून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुपारी ती शवविच्छेदनाच्या खोलीपाशी गेली. चंद्राबाई बाहेर जमिनीवर बसली होती. प्रियदर्शिनीला पाहताच ती उठली आणि तिनं तिच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर. प्रियदर्शिनीनं हात वर केला नाही.

"लिवायचा व्हता तर लिवायचा व्हतास! वाचून कशाला दावलास? आमी इसारलो व्हतो. जगत व्हतो. माज्या पोराला तूच खाली धाडलास!"

कोणीतरी चंद्राबाईला धरलं. तोंडात रक्ताची चव घेऊन प्रियदर्शिनी तशीच चालत पोलीस ठाण्यात गेली आणि तिनं जबाब दिला. रितेशचं नाव, लाकूड, दोन्ही घाव. शेवटी स्वतःच्या मोडलेल्या हाताबद्दल काकांचं नाव.

त्याच आठवड्यात सकपाळांची पोरं राहीबाईच्या घरावर गेली. दार मोडलं, भाताची कणगी उलथली. राहीबाई कोयता घेऊन गोठ्याच्या तोंडाशी उभी राहिली.

"म्हशींना हात लावलात तर एकेकाचं मनगट पाडीन," ती म्हणाली. "माझ्या पोरीचा हात मोडलात, आता मी मोजून घेईन."

पोरं मागे सरली. पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिला पाणी भरू दिलं नाही. तेव्हा तिनं भांडीकुंडी एका पोत्यात घातली, दोन्ही म्हशी सोडल्या आणि हमरस्त्यानं चालत बिरवाडीला आली. कारखान्यातल्या कामगारांच्या चाळींमागे तिनं एक पत्र्याची खोली आणि पडवी भाड्यानं घेतली. पहाटे धार काढून ती दारोदार दूध घालू लागली. पाळीवरून सुटलेली माणसं चहाच्या आधी तिच्या दारात उभी राहत.

"तू लिही," ती लेकीला म्हणाली. "म्हशी देतील तुझ्या विद्यापीठाची फी."

"आई, त्या लिहिण्यानंच झालं सगळं."

"लिहिण्यानं नाय झालं. लाकडानं झालं. लाकूड कोणाच्या हातात होतं ते मी पण पाहिलंय." मग ती म्हणाली, "आणि तुझ्या आज्याचं मला ठाऊक होतं. लग्न होऊन आले तेव्हाच सासूनं सांगितलेलं. मी कधी बोलले नाय."

मार्गदर्शक बाईंनी खटपट करून मुदत वाढवून घेतली. हात वाकडा जुळला होता, पानभर लिहिलं की मनगट सुजायचं. तरी दुधाच्या पैशांवर काम सरकत राहिलं. साक्षीची तारीख लागली, त्याच दिवशी सकाळी राहीबाई धार काढायला गेली तर थोरली म्हैस बसूनच होती. मागच्या दोन्ही पायांच्या शिरा कोणीतरी कोयत्यानं कापल्या होत्या. ती पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करी आणि पुन्हा कोसळे. राहीबाई तिचं तोंड मांडीवर घेऊन बसली, ढोरांचा डॉक्टर शेवटची सुई टोचून गेला तरी बसून राहिली. मग तिनं धाकटीची धार काढली आणि दूध घालायला निघाली.

"तू कोर्टात जा," वळूनही न पाहता ती म्हणाली. "बस चुकवू नकोस."

कोर्टात रितेशच्या वकिलानं विचारलं, "तुमच्या पीएचडीचा खर्च कोणी केला?"

"आरोपीच्या वडिलांच्या मंडळानं. काही महिने."

"म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजताय."

"वासे नाही," ती म्हणाली. "घाव मोजले. दोन होते."

समोर हैबतींनी मान खाली घातली. रितेश तिच्याकडे पाहतच राहिला. लहानपणी तिनंच त्याला मुळाक्षरं शिकवली होती, आणि ते त्या क्षणी दोघांनाही आठवत असणार. त्याला सक्तमजुरी झाली. हैबती काठीच्या गुन्ह्यात दंड भरून सुटले. पण मुंबईला ते परत गेले नाहीत, गावातही फारसे कोणाशी बोलले नाहीत. पुढे दोन-तीन शिमगे पोलिसांच्या बंदीत गेले, पालखी देवळाबाहेर निघालीच नाही.

दोन हजार चारच्या पावसाळ्याआधी प्रियदर्शिनीला पदवी मिळाली. कोंडदऱ्याचं प्रकरण प्रबंधात तसंच होतं आणि त्याला सुधीरच्या मृत्यूची पानं जोडलेली होती. मुंबईत परीक्षकांनी अभिनंदन केलं तेव्हा तिनं हात जोडले, आणि बिरवाडीला येऊन दिवसभर झोपली.

मग एका सकाळी ती प्रत घेऊन धनगरवाड्यावर चढली. भैरू तोवर गेला होता. चंद्राबाई शेळ्या सोडत होती. तिनं प्रत हातात घेतली, उघडली नाही.

"ह्यात माजा सुधीर हाय?"

"हाय, मावशी."

"कसा मेला तेच असल."

"हो."

"मरनाच्या चार-पाच तासांचा लिवलास," चंद्राबाई म्हणाली. "जिता व्हता त्याचा काय?"

चंद्राबाईनं प्रत ओट्यावर ठेवली. प्रियदर्शिनीला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. काठी घेतली आणि शेळ्यांमागं निघाली. थोडं अंतर गेल्यावर ती न थांबताच बोलायला लागली, सुधीर पाचवीत असताना ह्याच उतारावर लांडग्यामागं कसा धावला होता ते. प्रियदर्शिनी घाईघाईनं तिच्या मागून चालू लागली, शब्द ऐकू येतील इतक्या जवळून.